पुनर्गायन, अनुकरण आणि उमज : ‘मला उमजलेले बालगंधर्व’च्या निमित्ताने

प्रास्ताविक

प्रथितयश गायकाने दुसऱ्या कलावंतांची गाणी घेऊन स्वतंत्र ध्वनिमुद्रिका सिद्ध करावी, ही गोष्ट संगीतव्यवहारात नवी नाही. लता मंगेशकर यांनी १९९२ मध्ये ‘श्रद्धांजली’ या संग्रहात सैगल, मुकेश, महंमद रफी, किशोरकुमार प्रभृती दिवंगत गायकांची गाणी गायिली. अमेरिकन गायक जॉनी कॅश यांनी आयुष्याच्या अखेरच्या दशकात केलेल्या संग्रहांतही इतरांच्या गाण्यांचा वाटा मोठा आहे. अशा निर्मितीकडे समीक्षा बहुधा दोन दृष्टींनी पाहते. एक तर ती पूर्वसूरींविषयीची कृतज्ञता मानली जाते, किंवा लोकप्रिय गाण्यांचा पुन्हा केलेला व्यापार ठरविली जाते. वस्तुतः या दोहोंपलीकडे तिसरी शक्यता आहे : पुनर्गायन ही स्वतःच एक समीक्षा असू शकते. पं. कुमार गंधर्व यांचा ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम आणि त्याची ध्वनिमुद्रिका यांच्या आधारे या शक्यतेचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शीर्षकातील भूमिका

‘श्रद्धांजली’ या शब्दाचा रोख दिवंगतांकडे असतो. वाहणारा नम्रपणे बाजूला उभा राहतो. ‘मला उमजलेले’ या शब्दांत मात्र समजून घेणारा समोर येतो. हे बालगंधर्वांचे समग्र दर्शन नव्हे, त्यांची प्रतिकृती तर नव्हेच. ते एका गायकाला झालेले आकलन आहे. त्यामुळे त्याची मर्यादा आणि त्याची जबाबदारी अशा दोन्ही गोष्टी त्या गायकाच्या आहेत. समीक्षकाची भूमिका याहून वेगळी काय असते?

या भूमिकेला कुमारांच्या जीवनक्रमाचा संदर्भ आहे. थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाणारा बालक म्हणूनच त्यांची प्रथम ख्याती झाली. अनुकरणाचे सामर्थ्य त्यांच्यापाशी कमी नव्हते; तरीही बालगंधर्व गाताना त्यांनी ते वापरले नाही. पुढे क्षयाच्या आजाराने त्यांना देवासला काही वर्षे गायनापासून दूर राहावे लागले. त्यानंतरची त्यांची गायकी लहान, तीव्र आणि अचानक उसळणाऱ्या स्वरवाक्यांची झाली. बालगंधर्वांचे गाणे याच्या अगदी उलट प्रकृतीचे. संथ, मृदू, एका स्वरातून दुसऱ्यात नकळत वाहत जाणारे. हुबेहूबपणाचा मार्ग त्यागल्यावर कुमारांपुढे एकच प्रश्न उरतो : या गाण्यात अनिवार्य असे काय आहे? पदाचा तोल, शब्दाचा लडिवाळ उच्चार आणि लयीशी चाललेले सूक्ष्म खेळ त्यांनी राखले. आवाजाचा पोत मात्र स्वतःचाच ठेवला. राखलेल्या आणि सोडलेल्या गोष्टींची ही निवड म्हणजेच त्यांचे समीक्षात्मक विधान होय.

येथे माध्यमाचाही विचार करावा लागतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. रंगभूमीवर ‘वन्समोअर’च्या आग्रहाने विस्तारत जाणारे बालगंधर्वांचे पद आणि तबकडीवरील पद यांत त्यामुळे मोठे अंतर पडले. ते आटोपशीर पद पुन्हा मैफलीत मोकळे करणे, हे कुमारांच्या प्रयोगाचे एक महत्त्वाचे फलित मानावे लागेल.

मर्यादा

अर्थात या प्रयोगावर आक्षेप घेता येतो. ‘मानापमान’ (१९११) मधील भामिनी, ‘स्वयंवर’ (१९१६) मधील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधू यांच्या मुखी ही पदे प्रसंगाने आली होती. मैफलीत ती पात्रापासून सुटतात. स्त्रीभूमिकेतील पुरुषगायकाच्या गाण्यातली नाट्यमय गुंतागुंत तेथे उरत नाही. हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्याने प्रयोग निष्फळ ठरत नाही. ‘मला उमजलेले’ या शब्दांची व्याप्ती कोठे संपते, एवढेच त्यातून कळते.

कॅश यांचे उदाहरण या विवेचनाला पूरक आहे. ‘नाइन इंच नेल्स’चे १९९४ मधील ‘हर्ट’ हे गाणे त्यांनी २००२ मध्ये, सत्तरीच्या वयात, गायिले. तरुणाच्या आत्मनाशाचे गाणे वृद्धाच्या कंठात आयुष्याचा हिशेब बनले. गाणे जवळजवळ तेच राहिले. गाणाऱ्याच्या वयाने त्याचा अर्थ पालटला.

कायदा आणि आकलन

या चर्चेला एक व्यावहारिक बाजू आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१ सी हे ‘कव्हर व्हर्जन’साठी वैधानिक परवान्याची तरतूद करते. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे लोटल्यावर, स्वामित्वशुल्क भरून, कोणालाही ते गाणे पुन्हा मुद्रित करता येते. परंतु तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला बदल करता येत नाही आणि वेष्टनावर पूर्वीच्या गायकाचे नाव घालता येत नाही. ग्राहकाची फसवणूक टळावी हा हेतू योग्यच आहे. तथापि परिणाम असा, की या परवान्याखाली नक्कल सुरक्षित राहते आणि आकलन अडचणीत येते. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात मूळ चाल व गाण्याचा गाभा न बदलता स्वतःच्या शैलीनुसार मांडणी करण्याची मुभा आहे; आपल्याकडे तेवढीही स्पष्टता नाही.

खाडिलकर १९४८ मध्ये निवर्तले; साठ वर्षांच्या मुदतीनुसार त्यांची पदे आज मुक्त आहेत. परंतु ग. दि. माडगूळकर (निधन १९७७) यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत आणि सुधीर फडके (निधन २००२) यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत संरक्षित राहतील. त्यांची गाणी केवळ या परवान्यावर विसंबून गाणाऱ्याला ‘मला उमजलेले’ या शब्दांपुढे फडक्यांचे नाव छापता येणार नाही. त्यासाठी हक्कधारकाची स्वतंत्र संमती मिळवावी लागेल.

समारोप

पुनर्गायनाचे मूल्य मूळ गाण्याशी असलेल्या साम्यावरून ठरवू नये, तसेच केवळ वेगळेपणावरूनही ठरवू नये. ते ऐकल्यावर मूळ गाणे पुन्हा ऐकताना काही नवे जाणवते काय, हा निकष अधिक उपयुक्त ठरतो. कुमारांनंतर बालगंधर्व ऐकणाऱ्याला त्या संथ प्रवाहातील लयीचे कंगोरे अधिक स्पष्ट ऐकू येतात. संगीत आणि साहित्य यांच्या अध्यापनात अशा ध्वनिमुद्रिकांना समीक्षाग्रंथांच्या बरोबरीने स्थान मिळावे, असे म्हणण्यास त्यामुळे आधार मिळतो.