गाणारी नटी म्हातारी का होत नाही?

झाडीपट्टीच्या नाटकावर पुण्या-मुंबईकडचं कोणी लिहिलं की त्यात कौतुकापेक्षा आश्चर्यच जास्त असतं. दिवाळी सरते, धान घरात येतं आणि चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत पेंडॉल पडतात. रात्री दहाच्या सुमारास वर गेलेला पडदा पहाटे खाली येतो. लोक तिकीट काढून थंडीत बसतात, घर पाहुण्यांनी भरतं, सोयरिकीही त्याच पाहुणचारात जुळतात. हे सगळं खरंच आहे, पण दरवर्षी तेच ते वाचून नाटक कसं होतं, गाणं कसं होतं, हे काही कळत नाही.

गाण्याचंच बघू. उरलेल्या महाराष्ट्रात संगीत नाटक आता महोत्सवापुरतं उरलं आहे. इथे मात्र पेटीवाला-तबलजी रंगमंचासमोर बसलेले असतात आणि नटी स्वतःच्या गळ्याने गाते. माइक वरून टांगलेले असतात. त्यामुळे नवऱ्याच्या प्रेताशी बसून रडणारी बाई पद सुरू व्हायच्या आधी उठून दोन पावलं माइकखाली येते, पेटीवाला पट्टी देतो, ती गाते आणि परत जाऊन रडू लागते. शहरी प्रेक्षकाला याचं हसू येईल. मला त्या दोन पावलांत शिस्त दिसते. तालमी मोजक्या, संवाद प्रॉम्प्टरच्या भरवशावर, तरी माइकखाली कधी यायचं हे तिचं चुकत नाही.

अशी नटी किती वर्षं टिकते, हा माझा प्रश्न आहे. पुरुषांचं उत्तर आपल्याकडे आहे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे झाडीपट्टीचे विनोदी नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेच्या आसपास भूमिका, असा त्यांच्या कामाचा आकडा सांगितला जातो. विनोदी नट म्हातारा झाला की जास्तच खुलतो. गाणाऱ्या नटीचं तसं होऊ दिलं जात नाही.

याला गळ्याचं कारण आहेच. इंग्लंडच्या ज्युली अँड्र्यूज हिने १९५६ मध्ये ब्रॉडवेवर 'माय फेअर लेडी' गाजवलं. १९६४ साली त्याचा सिनेमा निघाला तेव्हा भूमिका ऑड्री हेपबर्नला मिळाली आणि तिच्यासाठी बहुतेक गाणी मार्नी निक्सनने गायली. ज्युलीला त्याच वर्षीच्या 'मेरी पॉपिन्स'ने ऑस्कर दिलं, हा नियतीचा विनोद. पुढे 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया'चे प्रयोग करताना तिचा आवाज बिघडला, १९९७ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो जगप्रसिद्ध गळा गेला. ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग असतात, तेही बंदिस्त, उबदार थिएटरात. झाडीपट्टीतली नटी ऐन हंगामात जवळजवळ रोज जागते, उघड्यावर, धुळीत गाते आणि सकाळी गाडीत झोपते. तिच्या गळ्याचं काय होत असेल हे वेगळं सांगायला नको.

पण गळा गेल्यावर ज्युलीची कारकीर्द संपली नाही. साठी ओलांडल्यावर ती सिनेमात राणी झाली, पुढे निवेदिकेचा आवाज झाली. इंग्लंडचीच अँजेला लॅन्सबरी १९७९ मध्ये 'स्वीनी टॉड'ची मिसेस लव्हेट झाली तेव्हा पन्नाशी उलटलेली होती, आणि ती भूमिका गाण्यांनी खच्चून भरलेली आहे. तिकडे प्रौढ बाईसाठी कोणीतरी चाली बांधल्या होत्या.

आपल्याकडे हे अगदीच घडलं नाही असं नाही. 'माय फेअर लेडी' ज्यावरून निघालं त्या शॉच्या 'पिग्मॅलियन'वरूनच विद्याधर गोखल्यांनी १९७२ मध्ये 'स्वरसम्राज्ञी' लिहिलं. तमाशात गाणारी मुलगी त्यात गायिका होते. या नाटकाने कीर्ती शिलेदारांचं नाव झालं. आई जयमालाबाई आणि वडील जयराम यांची 'मराठी रंगभूमी' ही संस्था पाठीशी होती, म्हणून मुलगी लहानपणापासून अखेरपर्यंत संगीत नाटकात राहू शकली. २०१८ मध्ये मुलुंडच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष कीर्तीताई होत्या. पुढच्याच वर्षी नागपूरला ते पद प्रेमानंद गज्वींकडे आलं, म्हणजे ब्रह्मपुरी तालुक्यातल्या माणसाकडे. कागदावर पुणेरी संगीत नाटक आणि झाडी इतकी जवळ आली होती. प्रत्यक्षात घरची संस्था असलेली गायिका-नटी झाडीला लाभली नाही.

मुळात इथे बायका उशिरा आल्या. दंडार नि खडी गंमत या इथल्या जुन्या लोकनाट्यांत बाईचं सोंग पुरुषच घेत. नाटकात बाया आल्या त्याही बऱ्याचशा नागपूरकडून, आणखी बाहेरून. कंपन्यांच्या भाषेत त्या 'लेडीज'. हंगामापुरतं कंपन्यांचं ठाणं असलेल्या वडशाला राहायचं, 'नाईट' म्हणजे प्रयोगाचे पैसे घ्यायचे, होळीला परत. कंपनीची मालकी, नाटकाची निवड, चाल कोणत्या पट्टीत बांधायची, यातलं काहीच तिच्या हातात नसतं.

आणि गंमत बघा, झाडीच्या नाटकाचं बाईशिवाय पान हलत नाही. नवरगावच्या सदानंद बोरकरांच्या 'माझं कुंकू मीच पुसलं'चं नावच पुरेसं आहे. आई, सासू, विधवा, टाकलेली बायको, सगळा डोलारा यांच्याच खांद्यावर असतो. तरी पदं वाटताना लेखकाचा हात नायिकेपाशी थांबतो आणि उरलेलं गाणं लावणीवालीकडे जातं. लावणीला माझी हरकत नाही. पण कथेशी संबंध नसलेल्या नाचासाठी वेळ निघतो आणि मुलगा घर सोडून गेल्यावर आईला चार ओळी मिळत नाहीत, ही लेखकांची सरळ सरळ आळशी कामगिरी आहे. आईने फक्त रडायचं. पंचेचाळिशीच्या नटीचा खाली उतरलेला, जरासा खरखरीत झालेला आवाज कुठल्या चालीत शोभेल, याचा विचार करणारा पेटीवाला झाडीत नसेल असं मी मानत नाही. त्याला तसं पद कोणी देत नाही.

कंपनीवाले यावर गिऱ्हाइकाकडे बोट दाखवतात, आणि त्यांचंही अगदी खोटं नाही. नाटक ठरवायला वडशाला आलेलं गावचं मंडळ नायिका कोण, लावणीला कोण, मुंबईचं कोणी येणार का, एवढं विचारून घेतं आणि विसार देऊन गावाकडे निघतं. आईचं काम कोण करणार, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.