तंबोऱ्यामागे बसणाऱ्यांची खोली

न्यूयॉर्क परिसरातील आपल्या कुटुंबांपैकी फारच थोड्यांनी चर्च स्ट्रीटवरील 275 क्रमांकाच्या घराचा जिना चढला असेल. तेथे वरच्या मजल्यावर संगीतकार ला माँट यंग आणि त्यांच्या पत्नी, चित्रकार मॅरियन झझीला, यांनी 1993 साली 'ड्रीम हाऊस' नावाची खोली मांडली. भिंतीवर चित्र नाही, समोर गवई नाही. पादत्राणे बाहेर ठेवून गालिच्यावर बसायचे, एवढेच. आमच्या मते ही मोठ्या तोलाची कलाकृती आहे. मात्र भारतीय मंडळी तिचे जे कौतुक करतात, ते बहुधा भलत्याच कारणासाठी असते.

प्रथम खोलीचे वर्णन करतो. कोपऱ्यांतील मोठ्या कर्ण्यांतून यंत्राने निर्माण केलेले अनेक शुद्ध स्वर अखंड चालू असतात. त्यांत चढउतार नाही, ताल नाही. गंमत अशी की, आपण मान जरा वळवली की स्वर बदलतो, दोन पावले पुढे गेलो की एक स्वर लोपून दुसरा वर येतो. यात जादू नाही. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात. कोठे त्यांचा जोर वाढतो, कोठे त्या एकमेकींना मारून टाकतात. म्हणजे सुरावट यंत्रात नसते, ती ऐकणाऱ्याच्या हालचालीत असते. स्तब्ध बसले की खोलीही स्तब्ध होते.

प्रकाशाचे काम झझीलाबाईंचे, आणि आम्हाला तेच अधिक सूक्ष्म वाटते. छतापासून पातळ पत्र्याची वळणदार आकृती टांगलेली असते. तिच्यावर दोन बाजूंनी वेगवेगळ्या रंगांचे दिवे पडतात. एका दिव्याची वाट अडली की त्या सावलीत दुसऱ्याचा रंग भरतो. म्हणून सावली काळी न पडता तांबडी किंवा निळी पडते. काही वेळाने पत्रा कोणता आणि सावली कोणती, हे डोळ्यांना उमगेनासे होते. समीक्षक मंडळी यंगसाहेबांवरच पाने भरतात आणि बाईंना शेवटच्या ओळीत उरकतात, हे आम्हाला मुळीच पटत नाही. हा प्रकाश काढून घेतला, तर ती खोली प्रयोगशाळा होईल.

आता त्या कौतुकाविषयी. हे पतिपत्नी 1970 पासून किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे गंडाबंध शिष्य. किराणा म्हटले की आपल्याला अब्दुल करीम खाँ आठवतात, आणि त्यांच्यामागून मिरज व तेथील तंबोरे. तेव्हा 'हा सारा आपल्याच तंबोऱ्याचा प्रताप' असे म्हणण्याचा मोह होतो. पण तसे नाही. यंग आयडाहोतील लाकडी घरात वाढले. वाऱ्याचा आणि विजेच्या खांबांवरील यंत्रांचा घुमारा त्यांच्या कानांत लहानपणापासून होता, आणि अखंड स्वराचे प्रयोग त्यांनी गुरू भेटण्यापूर्वीच चालविले होते. स्वरांची गणिती प्रमाणे हीही केवळ त्यांची आवड नव्हे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 साली श्रुतींवर पुस्तक लिहिले, त्या शोधात खाँसाहेबांचा गळा त्यांच्या कामी आला होता. दोन प्रवाह निरनिराळ्या डोंगरांतून निघाले आणि न्यूयॉर्कात मिळाले, असे म्हणणे अधिक खरे.

मग गुरूंकडून त्यांना मिळाले काय? आमचे उत्तर असे की, मागे बसण्याची विद्या. प्राणनाथ 1996 साली वारले, तोवर सव्वीस वर्षे या दोघांनी त्यांची सेवा केली आणि मैफलीत त्यांच्यामागे तंबोरा धरला. गवयाकडे सारी सभा पाहते. तंबोरेवाल्याला मात्र चार तारा छेडत तासन्‌तास स्वर ऐकत राहायचे असते, आणि त्या स्वरात किती स्वर दडले आहेत हे त्यालाच कळते. चर्च स्ट्रीटच्या खोलीत प्रत्येक पाहुण्याला त्या जागी बसविले आहे. कीर्तनाला बुवांच्या मागे उभे राहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावे लागले नसते.

एक उणीव मात्र आम्हाला जाणवते. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात. तिने स्वर सजीव होतो, क्षणाक्षणाला जरा मळतो, जरा उजळतो. यंत्राचा स्वर निर्मळ असतो, पण त्याला मानवी हात लागलेला नसतो. हात थकतो, म्हणून तंबोऱ्याला आब आहे. यंत्र थकत नाही, आणि दुसऱ्या तासाला आम्हाला ते थोडे निष्ठुर वाटले.

अशा खोलीला पैसा लागतो, हेही सांगितले पाहिजे. डिया या संस्थेच्या आश्रयाने 1979 साली हॅरिसन स्ट्रीटवर अख्खी इमारत या दांपत्याच्या कामासाठी मिळाली होती. आश्रयदात्यांच्या तेलधंद्यातील शेअरांचे भाव पडले आणि 1985 साली ते सारे आवरावे लागले. मग आठ वर्षांनी चर्च स्ट्रीट. झझीलाबाई मार्च 2024 मध्ये निवर्तल्या. त्याच सुमारास मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हा निव्वळ योगायोग.

वाचकांपैकी कोणास जावयाचे असल्यास खोली उघडी असण्याचे दिवस आधी विचारून घ्यावेत, आणि निदान एक तास काढावा. मुलांना नेण्यास हरकत नाही; फक्त आवाज मोठा असतो, तेव्हा कानांत घालायला कापूस न्यावा. चालले की सूर बदलतो, हे मोठ्यांच्या आधी त्यांनाच सापडेल.