पाच पानांचे ऋण

शास्त्रज्ञाच्या लेखनाचे मोल ठरवताना हल्ली पहिला प्रश्न असतो : ते किती जणांनी उद्धृत केले? हा प्रश्न गैर नाही. पण त्याच्या उत्तरातून काय कळते आणि काय कळत नाही, हे वनस्पतींच्या रेणवीय जीवशास्त्रातील एका उदाहरणावरून तपासता येते.

१९८७ साली अमेरिकेतील ‘फायटोकेमिकल बुलेटिन’च्या एकोणिसाव्या खंडात, ११ ते १५ या पानांवर, जेफ डॉइल आणि जेन डॉइल यांचा लेख आला. ताज्या पानाच्या लहानशा तुकड्यातून डीएनए झटपट कसा वेगळा काढावा, एवढाच त्याचा विषय. त्यात नवा सिद्धांत नाही, वाद नाही. आहे ती कृती. तरीही या लेखाच्या उद्धरणांची संख्या पाच आकडी आहे.

याचे कारण पानातच आहे. जास्वंदीचे पान चुरगळले की बोटांना बुळबुळीत लागते. अशी चिकट शर्करायुक्त द्रव्ये आणि पान काळे पाडणारी फेनॉल द्रव्ये डीएनएला चिकटून बसतात आणि पुढचे काम बिघडवतात. सीटॅब हा साबणासारखा पदार्थ घातलेल्या गरम द्रावणात वाटलेले पान मिसळले की पेशींचे पडदे फुटतात. क्लोरोफॉर्मने प्रथिने बाजूला होतात, आयसोप्रोपेनॉल घातल्यावर डीएनए खाली बसतो. महागडे यंत्र लागत नाही. म्हणून साध्या प्रयोगशाळेलाही ही रीत परवडली.

पण सीटॅबचा वापर डॉइल यांचा नव्हे. मरे आणि थॉम्पसन यांनी तो १९८० मध्येच मांडला होता. १९८४ मध्ये सगाई-मारूफ आणि सहकाऱ्यांनी जवाच्या अभ्यासात तो वापरला. डॉइल दांपत्याने ती रीत ताज्या आणि थोड्या पानांसाठी सोयीची केली. म्हणजे उद्धरणाचा मान मूळ कल्पनेपेक्षा तिच्या सर्वांत सुटसुटीत रूपाला मिळाला. यात अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. सुटसुटीत करणे हेही काम आहे. मात्र उद्धरणसंख्या म्हणजे मौलिकतेचे माप नव्हे, एवढे यावरून ठरते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जेफ डॉइल यांचे खरे चिंतन सोयाबीनच्या रानटी, बहुवर्षायू आप्तांवर आहे. गुणसूत्रांचे संच वाढून नव्या जाती कशा घडतात, हा त्यांचा प्रश्न. तो त्या मोठ्या आकड्यात कुठेच दिसत नाही. हॅर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला ‘एच-निर्देशांक’ घ्यावा, तर त्यात हा लेख केवळ एक म्हणून मोजला जातो. त्याची उद्धरणे शंभर असोत की दहा हजार. एकूण बेरीज घेतली तर एकच लेख सगळे झाकतो, निर्देशांक घेतला तर तोच लेख नाहीसा होतो. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, पण माणसाचा विचार दोन्हींत नाही.

आपल्याकडे मोल्सवर्थचा कोश आहे. १८३१ची पहिली आवृत्ती, १८५७ची दुसरी. शब्दाचा अर्थ अडला की आपण तो उघडतो, त्याचा हवाला देतो आणि मिटून ठेवतो. त्या हवाल्यांची बेरीज करून मोल्सवर्थची भाषादृष्टी कुणाला कळेल? डॉइल यांच्या पाच पानांचे तेच झाले आहे.

हा केवळ विद्वानांचा वाद नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमांनी अध्यापकांच्या संशोधनाला गुण लावले, आणि नियतकालिकाच्या दर्जानुसार ते कमीअधिक केले. नेमणुका आणि बढत्या त्यावर अवलंबून राहिल्या. एका शाखेपुरत्या छोट्या बुलेटिनातील पाच पानी कृतीला अशा तक्त्यात किती गुण पडले असते? तरीही जगभरच्या प्रयोगशाळा तीच उघडून बसल्या. म्हणजे जागेचा दर्जा लेखाची उपयुक्तता आधी सांगू शकत नाही, आणि उपयुक्ततेचा आकडा लेखकाची खोली नंतरही सांगू शकत नाही.

मग मूल्यमापन करायचे कसे? उत्तर जुनेच आहे आणि कष्टाचे आहे. उद्धरण दिसले की ते कशासाठी दिले, हे पाहावे : रीत वापरली म्हणून, मत पटले म्हणून, की खोडून काढायचे म्हणून. त्यासाठी लेख वाचावा लागतो. मोजणाऱ्याला ते टाळता येते. समीक्षकाला टाळता येत नाही.