कुंडीसारखी इमारत आणि माझ्या सिनॉप्सिसमधलं एक वाक्य

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: 'निसर्गप्रेरित वास्तुरचनेमुळे रुग्ण लवकर बरे होतात, हे उल्रिच यांनी १९८४ मध्ये सिद्ध केले आहे.' कमिटीतल्या एका मॅडमनी विचारलं, "मूळ पेपर वाचलाय?" मी हो म्हटलं. वाचला होता तो अ‍ॅबस्ट्रॅक्ट, तोही दुसऱ्या कुणाच्या तरी पेपरमधून उचललेला. पुढचा प्रश्न आला, "मग त्यात इमारत कोणती होती?" मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी सिनॉप्सिस परत आला.

आज ज्या इमारतीबद्दल लिहिते आहे, तिच्याबद्दल वाचताना हाच प्रसंग सारखा आठवत होता. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात सेंट जेम्स हॉस्पिटलच्या आवारात 'मॅगीज सेंटर' आहे. हेदरविक स्टुडिओने त्याची रचना केली आणि ते २०२० मध्ये पूर्ण झालं. तिथे कॅन्सरवर उपचार होत नाहीत. रुग्ण आणि घरचे लोक तिथे येऊन बसतात, समुपदेशन घेतात, पैशांच्या आणि सरकारी मदतीच्या अडचणी विचारतात, चहा करून घेतात. मॅगी केसविक जेन्क्स यांना स्वतःला कॅन्सर होता आणि हॉस्पिटलच्या बिनखिडकीच्या कोंदट जागांचा अनुभव होता. त्यांच्या कल्पनेतून ही केंद्रं निघाली. १९९५ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी एडिनबरात पहिलं केंद्र उघडलं. पुढे फ्रँक गेरी, झाहा हदीद अशा बड्या वास्तुकारांनीही केंद्रं केली.

मी लीड्सला गेलेले नाही. नकाशे, छेद आणि फोटो यांवरून बोलते आहे, तेवढं सोडून वाचा.

जागा अवघड होती. उतारावरची, रस्त्यांच्या आणि हॉस्पिटलच्या मोठ्या इमारतींच्या मधली, आवारात उरलेली हिरवळीची जवळजवळ शेवटची पट्टी. तिच्यावर बांधायचं म्हणजे तीच संपवायची. यावर काढलेली तोड मला मनापासून आवडते. तीन मोठ्या कुंड्यांसारखे आकार वेगवेगळ्या उंचीवर ठेवले आणि त्यांच्या माथ्यावर बाग लावली. समुपदेशनाच्या खोल्या या कुंड्यांच्या आत, आणि मधल्या मोकळ्या जागेत स्वयंपाकघर. सांगाडा स्प्रूसच्या लाकडाचा. त्याच्या पट्ट्या अळंबीच्या छत्रीखाली दिसतात तशा वर पसरत जातात. भिंतींना सच्छिद्र चुन्याचा गिलावा आहे, त्यामुळे खोलीतली आर्द्रता सांभाळली जाते. हवा खेळती राहण्यासाठी इमारतीच्या आकाराचाच उपयोग केला आहे. झाडांची निगा राखायला तिथे येणाऱ्या लोकांनीही हातभार लावावा, अशी अपेक्षा आहे.

आता तक्रार. या इमारतीच्या कौतुकात तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात. एक, जिवंत झाडं. दोन, झाडासारखे किंवा अळंबीसारखे आकार. तीन, लाकूड, चुना, वारा यांचं प्रत्यक्ष काम. तिन्हींना 'निसर्गप्रेरित' म्हणायचं आणि पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा करायचा. गंमत बघा, कुंडी ही काही निसर्गातली वस्तू नाही. माणसाने झाडाला घरात आणण्यासाठी केलेलं ते भांडं. त्यामुळे रूपक म्हणून कुंडी मला प्रामाणिक वाटते. लाकडी पट्ट्यांना 'जंगलाचा अनुभव' म्हणणं तेवढं प्रामाणिक वाटत नाही.

आणि पुरावा कोणता? शोधत मागे गेलात की बहुतेक वेळा उल्रिच भेटतात. तो पेपर 'सायन्स'मधला, जेमतेम दोन पानांचा. आजच मुळातून वाचा. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमधल्या, १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशय काढलेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. २३ जोड्या, म्हणजे ४६ रुग्ण. वय, लिंग, धूम्रपान, वजन वगैरे जुळवून जोड्या लावलेल्या. जोडीतल्या एकाला खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याला विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवस राहिले, भिंतवाले ८.७० दिवस. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. झाडांना पालवी असते तेवढ्याच महिन्यांच्या नोंदी घेतल्या, हा बारकावा मला फार आवडतो.

म्हणजे मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर असं: इमारत साधीच होती, आणि दोन्ही गटांना तीच होती. फरक फक्त खिडकीबाहेर होता. शिवाय ती भिंत अगदी सपाट, कंटाळवाणी होती, म्हणून हे निष्कर्ष मानवनिर्मित प्रत्येक दृश्याला लागू करता येणार नाहीत, हेही लेखकानेच लिहून ठेवलंय. आपण ते खोडून टाकतो.

खरी ताकद कशात होती ते बघा. रुग्णांना खोल्या रिकाम्या होतील तशा मिळत गेल्या. कुणी झाडं बघून खोली निवडली नव्हती. मॅगीजमध्ये नेमकं उलट आहे. तिथे जाणारा माणूस स्वतःहून जातो. ज्याला बोलावंसं वाटतं, उठून जाण्याइतकी ताकद आहे, तोच दार ढकलतो. तो बाहेर येताना बरा वाटत असेल, तर त्याचं श्रेय लाकडाला द्यायचं, बागेला, समुपदेशकाला, की चहाच्या टेबलावर भेटलेल्या दुसऱ्या रुग्णाला? वेगळं काढता येत नाही. मॅगीचे पती आणि वास्तुसमीक्षक चार्ल्स जेन्क्स तर 'वास्तूचा प्लासिबो' अशी भाषा वापरत. मला ती बरी वाटते, कारण तिच्यात दावा कमी आणि कबुली जास्त आहे.

यावरून इमारत वाईट ठरत नाही. केमोच्या खुर्चीतून उठलेल्या माणसाला पाट्या आणि ट्यूबलाईटच्या पलीकडे एक स्वयंपाकघर मिळावं, यासाठी पी-व्हॅल्यू लागत नाही. पण तुम्ही उद्या तुमच्या जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रावर प्रपोजल लिहायला बसाल, तेव्हा 'आकार' आणि 'झाड' हे दोन वेगळे व्हेरिएबल ठेवा. आरोग्य केंद्रात खाटांचं वाटप कसं होतं, हे आधी तिथल्या सिस्टरांना विचारून घ्या. नशीब असेल तर उल्रिचसारखी जोडी तिथेच सापडेल.

माझ्या सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे: 'एका हॉस्पिटलमधील ४६ शस्त्रक्रिया-रुग्णांच्या नोंदींत, खिडकीतून झाडे दिसणाऱ्यांचा मुक्काम विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस कमी आढळला.' लांबलचक आहे, दिसायलाही किरकोळ. मॅडमनी त्यावर फक्त टिकमार्क केली.