पहाटे पाचचा हिशेब

शाळांच्या बक्षीस समारंभांत अलीकडे 'व्यक्तिमत्त्व विकास' या प्रकारातील पुस्तके बरीच दिसतात. त्यांपैकी रॉबिन शर्मा यांचे 'द फाइव्ह ए.एम. क्लब' (२०१८) हे विशेष लोकप्रिय आहे. मराठी अनुवादामुळे ते आता नववी-दहावीच्या मुलांपर्यंतही पोचले आहे. म्हणूनच शिक्षकांनी ते एकदा विज्ञानाच्या चष्म्यातून तपासावे असे वाटते.

पुस्तक गोष्टीच्या रूपात आहे. एक उद्योजिका, एक चित्रकार आणि त्यांना मॉरिशसला घेऊन जाणारा विक्षिप्त अब्जाधीश ही त्यातील पात्रे. सांगणे एवढेच, की पहाटे पाचला उठा आणि पहिल्या तासाचे तीन समान भाग करा: २० मिनिटे घाम येईल असा व्यायाम, २० मिनिटे चिंतन, २० मिनिटे अभ्यास. यातील व्यायामाबद्दल तक्रार नाही. झोपेचे महत्त्व सांगणारे प्रकरणही पुस्तकात आहे, हे श्रेय लेखकाला दिलेच पाहिजे. गोष्ट मात्र फार पसरट आहे. तीनशेहून अधिक पानांचा ऐवज एका पुस्तिकेत मावला असता.

खरी अडचण आकड्यांची आहे. सवय पक्की व्हायला ६६ दिवस लागतात असे पुस्तक सांगते आणि त्याचे २२-२२ दिवसांचे तीन टप्पेही पाडून देते. हा ६६ आला कोठून? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक साधी कृती निवडली आणि ती ८४ दिवस रोज करायची होती. ज्यांच्या नोंदी अपेक्षित आलेखाशी चांगल्या जुळल्या असे ३९ जण निघाले. त्यांच्या दिवसांचा मध्यक ६६ होता. पण व्याप्ती होती १८ पासून २५४ पर्यंत! (प्रयोग ८४ दिवसांचा असताना २५४ कसे, असे एखाद्या चौकस मुलाने विचारलेच तर सांगावे, की तो आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे.) पाणी पिण्याची सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. असा हा पसरलेला संच. त्यातला मध्यक उचलून त्याचा नियम करायचा आणि वर त्याला तीनाने भागायचे, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यातच चुकीचे ठरेल.

दुसरा आकडा पाचचा. शरीरातील घड्याळ पेशींमधील जनुकांवर चालते. ही यंत्रणा फळमाशीत उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे सात लाख लोकांच्या जनुकीय माहितीवरून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 'सकाळची माणसे' आणि 'रात्रीची माणसे' या फरकाशी निगडित ३५१ जागा सापडल्या. म्हणजे उशिरा उठणारा प्रत्येक जण आळशी नसतो. त्यातही पौगंडावस्थेत झोप आणणाऱ्या मेलॅटोनिनची वेळ पुढे सरकते. चौदा वर्षांच्या मुलाला रात्री दहाला झोप येत नाही, यात त्याच्या चारित्र्याचा दोष नसतो. याच वयाला ८ ते १० तासांची झोप हवी, अशी अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ ची शिफारस आहे.

आता मॉरिशसहून आमच्या भाईंदर पश्चिमेला या. येथे पहाटे पाचला उठणाऱ्यांचा क्लब केव्हाचाच अस्तित्वात आहे. त्याला वर्गणी लागत नाही, आणि वीस मिनिटांचे चिंतनही परवडत नाही. डबा करायचा, पाणी भरायचे, गाडी पकडायची. चर्चगेटपर्यंत तासाहून अधिक प्रवास, तोही बहुधा उभ्याने. उत्तनच्या कोळ्यांची उठण्याची वेळ तर भरती-ओहोटी ठरवते, आणि ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. आईवडील रात्री साडेआठ-नऊला घरी पोचतात, जेवण साडेनऊला, दिवा मालवतो अकराला. सकाळच्या सत्राची शाळा सातला, म्हणजे सहाला उठणे आले. झोप झाली सात तास. या मुलाला बक्षिसात मिळालेले पुस्तक आणखी एक तास मागते, आणि तो देता आला नाही की मूल स्वतःलाच दुबळ्या मनाचे ठरवते. माझा आक्षेप मुख्यतः येथे आहे.

झोपेचा प्रश्न इच्छाशक्तीचा जितका, तितकाच वेळापत्रकाचा आहे, हे आपल्या शासनाने एका परीने मान्य केले आहे. फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानुसार पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असे ठरले. निर्णय स्वागतार्हच. मात्र घड्याळ पुढे सरकते ते पाचवीनंतर, आणि त्या मुलांना या निर्णयाने वगळले आहे. उलट, एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात तेथे लहान वर्ग दुपारी गेले तर मोठ्यांना पहाटेच यावे लागते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली शिफारस केली ती माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत अशी, आणि कॅलिफोर्नियात २०२२ पासून उच्च माध्यमिक शाळांसाठी तसा कायदा लागू झाला. जागा कमी असल्याने आपल्याकडे हे सोपे नाही. पण निदान आठवी ते दहावीचे जादा तास सकाळच्या सत्राच्याही आधी ठेवणे थांबवता येईल. तो निर्णय मुख्याध्यापकांच्या हातातला आहे.

नववीच्या वर्गात एक प्रयोग करून पाहावा. चौदा दिवस प्रत्येकाने झोपल्याची आणि उठल्याची वेळ वहीत लिहावी, नाव न घालता. शाळेचे दिवस आणि सुटीचे दिवस वेगळे काढून दोन्हींच्या झोपेचा मध्यबिंदू काढावा आणि फळ्यावर आलेख मांडावा. दोन मध्यबिंदूंमधील अंतराला जीवशास्त्रज्ञ 'सामाजिक जेटलॅग' म्हणतात. वर्गाचा मध्यक आणि व्याप्ती दोन्ही लिहावीत, आणि तो कागद पुढच्या वर्षीचे वेळापत्रक ठरण्याआधी शिक्षक-पालक सभेत ठेवावा.