आयडा लुपिनोच्या चित्रपटांतील करुणा

नावारूपास आलेली अभिनेत्री दिग्दर्शनाकडे वळली, याचे आज कुणाला नवल वाटत नाही. १९४९ सालच्या हॉलिवूडमध्ये मात्र ही गोष्ट जवळजवळ अशक्य कोटीतील होती. डोरोथी आर्झनर ही दिग्दर्शिका १९४३ नंतर चित्रपटांपासून दूर झाली होती. तिच्यानंतर त्या नगरीत कॅमेऱ्यामागे सातत्याने उभी राहिलेली स्त्री म्हणजे आयडा लुपिनो.

तिचा जन्म ४ फेब्रुवारी १९१८ रोजी लंडनमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या रंगभूमीची सेवा केलेल्या घराण्यात झाला. पंधराव्या वर्षी ती हॉलिवूडला आली. पुढच्याच वर्षी पोलिओने गाठले, त्यातून ती सावरली. १९४८ मध्ये तिने अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. 'हाय सिएरा' (१९४१) आणि 'द हार्ड वे' (१९४३) या चित्रपटांनी अभिनेत्री म्हणून तिचे स्थान पक्के केले. दुसऱ्यासाठी तर न्यूयॉर्कच्या चित्रपट समीक्षकांनी तिला पुरस्कारही दिला. पण मन न मानणाऱ्या भूमिका ती नाकारी आणि स्टुडिओ तिला बिनपगारी घरी बसवी. त्या सक्तीच्या रिकामपणात दिग्दर्शक आणि संकलक कसे काम करतात हे ती बारकाईने पाहत राहिली.

पती कॉलियर यंग यांच्यासह तिने स्वतंत्र निर्मिती सुरू केली. 'नॉट वाँटेड' (१९४९) या चित्रपटाच्या आरंभीच दिग्दर्शक एल्मर क्लिफ्टन हृदयविकाराने आजारी पडले आणि उरलेले जवळजवळ सर्व काम तिने पार पाडले. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून मात्र क्लिफ्टन यांचेच नाव राहिले. विषय होता अविवाहित मातेचा. मूल दत्तक देऊन आलेली सॅली रस्त्यावरच्या बाबागाडीतले परके मूल उचलून घेते, हा प्रसंग पाहताना तिला चोर म्हणण्यास जीभ धजत नाही.

आपल्या वाचकांना एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. हॉलिवूडने १९३० साली स्वीकारलेल्या आणि १९३४ पासून कठोरपणे राबवलेल्या नीतिसंहितेच्या मसुद्यात येशूसंघीय धर्मगुरू फादर डॅनियल लॉर्ड यांचा मोठा वाटा होता. ती राबवणारे जोसेफ ब्रीन हेही कॅथलिकच. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पडद्यावर पाप आकर्षक दिसू नये याची काळजी वाहताना, पाप घडल्यानंतर माणसाचे काय होते, हा प्रश्न त्या संहितेच्या चौकटीत बहुधा शिक्षेपाशी येऊन थांबे. लुपिनोने संहितेच्या मर्यादेत राहूनच तो प्रश्न पुढे नेला.

याचा सर्वांत ठळक नमुना 'आउटरेज' (१९५०). या चित्रपटात बलात्कार हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही, तरी सारी कथा त्याच आघाताची आहे. रात्री कामावरून घरी निघालेल्या ॲनचा पाठलाग ओसाड गल्ल्यांतून चालतो. संगीत नाही, केवळ पावलांचे आवाज आणि अडकून वाजत राहिलेला एका ट्रकचा भोंगा. वरच्या मजल्यावरचा एक इसम खिडकीशी येतो, काही न पाहता ती बंद करतो. मला वाटते, सारा चित्रपट त्या बंद खिडकीत आहे. पुढे ॲनला छळतात त्या नजरा: शेजाऱ्यांच्या, कार्यालयातील सहकाऱ्यांच्या. कुणी वाईट बोलत नाही. उलट सारे जपून बोलतात, आणि तेच तिला असह्य होते. वाग्दत्त वर तिच्याशी लगेच लग्न करण्यास तयार असूनही ती घर सोडून पळते. अपराध दुसऱ्याचा, परागंदा ही! आपल्या गावांतून अशा मुलींना मावशीकडे 'थोडे दिवस' पाठवले जाते, ते काय निराळे असते?

उत्तरार्ध तितका सरस नाही. ॲनला आधार देणारा तरुण प्रोटेस्टंट पाळक इतका निर्दोष रंगवला आहे की आम्हा धर्मगुरूंना तो आपल्यातला वाटत नाही. न्यायालयातील त्याचे भाषणही प्रवचनाच्या वळणावर जाते. लुपिनोच्या नायिका अखेर घराकडेच परततात, असा आक्षेप काही स्त्रीवादी समीक्षकांनी घेतला आहे. तोही सर्वस्वी निराधार नाही.

'द बिगॅमिस्ट' (१९५३) मध्ये तिने दिग्दर्शनाबरोबर एक प्रमुख भूमिकाही केली. फिरता विक्रेता असलेल्या हॅरीची एक पत्नी सॅन फ्रान्सिस्कोत, दुसरी लॉस एंजेलिसमध्ये. दत्तक मुलासाठी अर्ज आल्यावर चौकशी अधिकारी त्याचे बिंग फोडतो. पण सारी हकिकत ऐकल्यावर त्याला हॅरीचा तिरस्कार वाटावा की कीव यावी, हेच उमगत नाही. विवाहाच्या पावित्र्याला येथे कोठेही धक्का लावलेला नाही. फसवणुकीची झळ दोन्ही स्त्रियांना किती लागली, हे न्यायालयातील त्यांच्या मूक चेहऱ्यांवरून कळते. दोषी माणसाला दोषी म्हणूनही त्याच्याशी माणसासारखे बोलता येते, हे पापनिवेदनाच्या आसनावर बसणाऱ्याला नवे नाही. चित्रपटात मात्र ते विरळाच आढळते.

त्याच वर्षीचा 'द हिच-हायकर' निराळ्या जातीचा, दोन मित्र आणि एक खुनी यांचा थरारपट. १९९८ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाला. वितरणही स्वतः करण्याच्या धाडसामुळे तिची संस्था डबघाईला आली आणि लुपिनो दूरदर्शन मालिकांच्या दिग्दर्शनाकडे वळली.

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या भगिनींना तिचा 'द ट्रबल विथ एंजल्स' (१९६६) अधिक जवळचा वाटेल. धर्मभगिनींच्या वसतिगृहातील दोन खोडकर मुली आणि रोझालिंड रसेलने साकारलेली करारी मदर सुपिरियर! हसत हसत चाललेल्या या चित्रपटात एका भगिनीच्या शवपेटीपाशी मदर सुपिरियर एकटीच रडताना मेरी पाहते. कुणी काही बोलत नाही. पुढे मेरी त्याच मठात राहण्याचे ठरवते, तेव्हा तिची जिवलग मैत्रीण रेचल हिला ती प्रतारणा वाटते. लुपिनो त्या रागालाही पुरेसा वेळ देते. पाचारणाचा आनंद दाखवताना मागे राहणाऱ्या मैत्रिणीचे दुःख विसरणारे चित्रपट आपण पुष्कळ पाहिले आहेत.

चित्रपटगृहांसाठी तिने दिग्दर्शित केलेला हा शेवटचा चित्रपट. ३ ऑगस्ट १९९५ रोजी लॉस एंजेलिस येथे तिचे निधन झाले.