नाण्यावरील षष्ठी

कफ परेड, मच्छीमार नगर येथील आमच्या बिऱ्हाडीं एका संग्राहक स्नेह्यांनीं नहपानाचीं दोन रौप्यनाणीं दाखविण्यास आणिलीं होतीं. एकावरील राजमुख स्वच्छ होतें. दुसऱ्यावर गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप पडून मुख मोडलें होतें. दुसरें टाकाऊ, आणि ग्रीक सुवर्णनाण्यांपुढें दोन्हीं अपभ्रष्टच, असा त्यांचा अभिप्राय पडला. या मताची परीक्षा करणें आम्हांस अवश्य वाटतें.

केवळ कलेपुरतें तें नाकारतां येत नाहीं. पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत बाख्त्रियाचा ग्रीक राजा युक्रातिदेस याचें सुमारें 169 ग्रॅम वजनाचें सुवर्णनाणें आहे. त्यावरील शिरस्त्राणधारी मुख व मागील बाजूचे दोन अश्वारूढ देवबंधु यांच्या उठावापुढें नहपानाचें नाणें पासंगासही पुरणार नाहीं.

परंतु नाणें हा लेखही आहे. युक्रातिदेसाच्या नाण्यावर 'बासिलेओस मेगालू एउक्रातिदू', म्हणजे 'थोर राजा युक्रातिदेसाचें', अशी षष्ठी आहे. पुढें भडोच बंदरांत अपोलोदोतस व मिनांदर या ग्रीक राजांचीं जुनीं नाणीं चालत असल्याचें पेरिप्लसकारानें नोंदविलें आहे. तोच वळसा नहपानानें उचलला. त्याच्या नाण्यावर मुखाभोंवतीं अक्षरें ग्रीक, पण भाषा प्राकृत; मागें ब्राह्मींत 'राज्ञो क्षहरातस नहपानस'. कांहीं ठशांत ग्रीक अक्षरें बिघडलीं हें खरें. तथापि परक्या लिपींत आपला षष्ठीप्रत्यय बसविणें यास अपभ्रंश न म्हणतां अंगीकार म्हणावें.

आतां त्या 'टाकाऊ' नाण्याविषयीं. 1906 सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाचीं 13,000 हून अधिक नाणीं सांपडलीं. रेव्हरंड स्कॉट यांनीं त्यांचें परीक्षण केलें. पैकीं 9,000 हून अधिक नाण्यांवर त्रिकूट पर्वत, उज्जयिनी चिन्ह व 'रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस' असा छाप आहे. विजेत्यानें एवढीं नाणीं आटविलीं नाहींत. जुन्या षष्ठीवर स्वतःची षष्ठी उमटविली. क्षहरातांच्या उच्छेदाची वार्ता नाशिकच्या लेण्यांत राजमाता बलश्रीच्या लेखांतही आहे. पण तो लेख नातू पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षांतील असून मातेनें केलेली पुत्रप्रशस्ति आहे. छाप हा मात्र खुद्द विजेत्याचा व्यवहार होय.

असो. संग्राहकांस आमची विनंति एवढीच, कीं सुंदर मुखाच्या लोभानें छापाचें नाणें सोनाराच्या मुशींत जाऊं देऊं नये, आणि सांपडल्या ठिकाणाची टीप त्यापासून तोडूं नये. मुख मोडलें तरी साक्ष मोडत नाहीं. मुशींत मात्र दोन्हीं जातात.